टॉन्सिल मोठे, मूल रात्री घोरतं: जिभेच्या व्यायामांनी ऑपरेशन टळेल का?

गोव्यातल्या डिचोलीच्या एका आईचा प्रश्न असा आहे. मुलगा ७ वर्षांचा. रोज रात्री घोरतो, तोंड उघडं टाकून, मान मागे ताणून झोपतो. स्लीप स्टडीत, म्हणजे झोपेतला श्वास आणि ऑक्सिजन मोजणाऱ्या तपासणीत, एएचआय (तासाला श्वास अडण्याचे प्रसंग) ७.४ आला, ऑक्सिजन सर्वांत खाली ८८ टक्क्यांपर्यंत उतरला. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी टॉन्सिल आणि अ‍ॅडिनॉइड (नाकाच्या मागची टॉन्सिलसारखी गाठ) दोन्ही मोठे असल्याचं सांगून काढायचा सल्ला दिला आणि चवथ (गणेश चतुर्थी) झाल्यानंतरची तारीख दिली. तेवढ्यात जीभ आणि ओठांच्या व्यायामांचे व्हिडिओ त्यांच्या पाहण्यात आले. हे व्यायाम तीन महिने केले तर ऑपरेशन टाळता येईल का? आणि टळणार नसेल तर मग ते करायचेच कशाला?

आधी सरळ उत्तर देते. दिलेल्या आकड्यांवरून मी ऑपरेशनची तारीख रद्द करायला सांगणार नाही. व्यायाम मात्र जरूर करा. ऑपरेशनच्या जागी नव्हे, तर ऑपरेशननंतर त्रास परत येऊ नये म्हणून. हा फरक का, ते सांगते, कारण तो कळला की कोणता व्यायाम केव्हा करायचा हेही कळतं.

घशाच्या मागच्या भागाला हाडाचा आधार नसतो. तो भाग उघडा राहतो तो स्नायूंच्या ताणामुळे, आणि त्यांत मुख्य असतो जीभ पुढे ओढून धरणारा स्नायू. झोप लागली की हा ताण उतरतो, स्वप्नांच्या झोपेत तर फारच. अशा वेळी वरचा रस्ता अरुंद असेल तर श्वास जोर लावून ओढावा लागतो, आणि ओल्या कागदी नळीने घट्ट लस्सी ओढली की नळी जशी चपटी होते तसा घसा आत ओढला जाऊन बंद होतो. म्हणजे कारणं दोन: रस्ता अरुंद असणं आणि स्नायू सैल पडणं. व्यायाम दुसऱ्या कारणावर काम करतात. टॉन्सिलचं आकारमान कोणत्याही व्यायामाने कमी होत नाही. अ‍ॅडिनॉइड नाकाच्या मागे असतं. तिथे जीभ पोचतच नाही.

रिपोर्ट वाचताना एक काळजी घ्या. एएचआय म्हणजे झोपेच्या एका तासात श्वास थांबण्याचे किंवा बराच कमी होण्याचे प्रसंग. मोठ्या माणसांत ५ पर्यंत चालतं, ५ ते १५ ला सौम्य म्हणतात. मुलांचं मोजमाप वेगळं आहे: १ च्या वर गेलं की असामान्य, १ ते ५ सौम्य, ५ ते १० मध्यम, १० च्या वर तीव्र. कधी कधी रिपोर्टच्या शेवटी मोठ्यांचे निकष लावून ‘सौम्य’ असं छापलेलं असतं आणि घरचे निश्चिंत होतात. ७.४ हा आकडा ७ वर्षांच्या मुलासाठी मध्यम आहे.

‘शेजाऱ्यांच्या मुलाचं व्यायामांनी थांबलं’ असं कोणी सांगेल, तेव्हा एक अभ्यास लक्षात ठेवा. अमेरिकेत ५ ते ९ वर्षांच्या ४६४ मुलांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अर्ध्या मुलांचं ऑपरेशन लवकर केलं, अर्ध्यांना नुसतं देखरेखीखाली ठेवलं. ७ महिन्यांनी ऑपरेशन झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची स्लीप स्टडी नॉर्मल आली, आणि काहीच न केलेल्यांपैकीही ४६ टक्के मुलांची आली. वय वाढतं, जबडा वाढतो, अ‍ॅडिनॉइड आक्रसू लागतं, सर्दीचा हंगाम सरतो. त्यामुळे शेजाऱ्यांच्या मुलाला व्यायामाने बरं वाटलं की काळाने, हे एका उदाहरणावरून ठरत नाही. त्या चाचणीत ऑक्सिजन फार घसरणारी मुलं घेतलेलीच नव्हती, हेही विसरू नका.

मग व्यायामांच्या बाजूने काय आहे? २०१५ साली रोममधल्या गटाने ऑपरेशननंतरही थोडा अ‍ॅप्निया (झोपेत श्वास अडणं) उरलेल्या २७ मुलांचे दोन गट केले. दोन महिने व्यायाम करणाऱ्या गटाचा एएचआय सुमारे ५८ टक्क्यांनी उतरला, दुसऱ्या गटाचा जेमतेम ७ टक्क्यांनी. २०१३ साली स्टॅनफर्डच्या गियेमिनो यांनी २४ मुलांच्या नोंदी तपासल्या. ऑपरेशन आणि दातांचे उपचार होऊन ती सगळी मुलं नॉर्मल झालेली होती. पुढे जी ११ मुलं व्यायाम करत राहिली ती नॉर्मलच राहिली. ज्या १३ जणांनी व्यायाम केले नाहीत त्यांचा एएचआय परत सरासरी ५ च्या वर गेला. दोन्ही अभ्यास लहान आहेत, त्यामुळे त्यांचा फार मोठा डोलारा उभा करू नये. पण व्यायामाचा सर्वांत चांगला उपयोग रस्ता मोकळा झाल्यानंतर होतो, हे त्यांतून दिसतं आणि रोजच्या कामातही तेच दिसतं.

काय कशावर अवलंबून आहे, तेही सांगते. एएचआय १ ते ५ मध्ये असेल, टॉन्सिल लहान असतील, मूल ५ वर्षांच्या वर आणि ऐकणारं असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली नाकाचा स्प्रे आणि व्यायाम तीन महिने करून बघणं रास्त आहे. मूल ४ वर्षांच्या आतलं असेल तर मुद्दाम करायचे व्यायाम त्याच्याकडून होत नाहीत. वजन फार असेल, डाउन सिंड्रोम असेल किंवा स्नायूंचा आजार असेल तर योजना वेगळी बसवावी लागते. एएचआय १० च्या वर असेल, झोपेत ओठ निळे पडत असतील, वजन-उंची थांबली असेल, तर व्यायामासाठी एक आठवडाही थांबू नका.

आता कामाला लागू. सुरुवात जिभेपासून नाही, नाकापासून. नाक बंद असलेल्या मुलाला ‘ओठ मिटून बस’ सांगणं म्हणजे त्याला त्रास देणं. घरी पडताळा असा घ्या: थंड स्टीलचा चमचा नाकाखाली धरा, दोन्ही बाजूंनी सारखी वाफ येते का पाहा. मग पाण्याचा एक घोट तोंडात धरून ओठ मिटून शांत बसायला सांगा. ३ मिनिटं सहज बसला तर नाक चालतंय. अर्ध्या मिनिटात डोळे मोठे करून पाणी गिळून टाकलं, तर पुढचे दोन-तीन आठवडे फक्त नाकावर काम करायचं.

नाक धुण्याचं पाणी: २५० मिलिलिटर पाण्यात सव्वादोन ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा अर्धा चमचा सपाट भरण्याच्या किंचित आधी थांबायचं, आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. विहिरीचं असो की नळाचं, पाणी खळखळून उकळून कोमट केलेलंच हवं. उरलेलं दुसऱ्या दिवशी वापरायचं नाही. मूल ओणवं उभं करून, तोंडाने श्वास घ्यायला लावून, बाटली हलक्या हाताने दाबा. जोराने दाबलं की कानात दडा बसतो आणि मग मूल पुन्हा जवळ येऊ देत नाही. डॉक्टरांनी स्टिरॉइडचा स्प्रे दिला असेल तर डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात, उजवीसाठी डावा. टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे नको, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे हवं. स्प्रे घेणाऱ्या मुलांच्या नाकातून रक्त येतं ते बहुतेक वेळा पडद्यावर फवारा मारल्यामुळे. चार दिवसांत फरक नाही म्हणून बंद करू नका. निदान सहा आठवडे लागतात.

आपल्याकडचा जून ते सप्टेंबर या नाकांचा शत्रू आहे. भिंतीला बुरशी, ओलसर गाद्या, न वाळलेले कपडे, आणि त्यावर चवथीआधीची झाडलोट नि रंगकाम. चादरी, उशांचे अभ्रे दर आठवड्याला ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा, कारण पावसात ऊन दाखवण्याची सोय नसते. रंग द्यायचाच असेल तर मुलाची झोपायची खोली सर्वांत आधी उरकून चांगली वारा खाऊ द्या, नाहीतर यंदा ती राहू द्या.

नाक मोकळं झालं की जीभ. हे व्यायाम ताकद कमावण्यासाठी आहेत असा समज असतो. थोडी ताकद लागते, पण खरं उद्दिष्ट सवय आहे: काही न करता बसलेलं असताना ओठ मिटलेले, दात हलके जवळ, आणि सबंध जीभ टाळूला टेकलेली. दिवसा जी ठेवण अंगवळणी पडते तीच रात्री उतरण्याची शक्यता असते.

पहिला धडा जागा ओळखण्याचा. वरच्या पुढच्या दातांच्या लगेच मागे टाळूवर खरबरीत उंचवटा असतो. त्यावर गुळाचा बारीक कण चिकटवा आणि जिभेच्या टोकाने शोधायला सांगा. ‘न’ म्हणताना जीभ जिथे अडते, साधारण तिथेच. टोक तिथे ठेवून १० सेकंद, असं १० वेळा. टोक दातांना ढकलत असेल तर ते चुकीचं. त्याने दात पुढे येतात.

दुसरा, आणि माझ्या मते सर्वांत कामाचा: जीभ पूर्ण पसरून टाळूला शोषून चिकटवायची आणि ती न सुटू देता तोंड उघडायचं. जिभेखालची शीर ताणलेली दिसली पाहिजे. आधी ५ सेकंद, दोन आठवड्यांत १५ ते २० सेकंदांपर्यंत, १० वेळा. इथे आरसा हवाच. नेहमीच्या चुका तीन. फक्त टोक वर जातं आणि मागचा भाग खाली लोंबतो. कडा दातांवर चढतात. किंवा मूल हनुवटी पुढे काढून मानेने जोर लावतं. तिसरी चूक दिसली की बसण्याची पद्धत सुधारा, पाठ भिंतीला टेकवा.

हे जमलं की चिकटलेली जीभ झटक्यात सोडून ‘टॉक’ असा आवाज काढायचा, २० वेळा, जबडा न हलवता. मग टोक त्या उंचवट्यावरून सावकाश मागे, टाळूवरून घासत मऊ भागापर्यंत न्यायचं, १० वेळा. मराठी मुलांना ‘ळ’ आणि ‘ण’ येत असल्याने अर्धी वाट माहीत असते. ‘ळ’ च्या जागी थांबवून ‘आता अजून मागे’ म्हटलं की लगेच कळतं. जिभेच्या मागच्या भागासाठी टोक खालच्या दातांमागे ठेवून ‘क, ग’ जोरात २० वेळा. मऊ टाळूसाठी तोंड मोठं उघडून तुटक ‘आ, आ, आ’. टॉर्चच्या उजेडात पडजीभ प्रत्येक वेळी वर उचललेली दिसली पाहिजे. मूल भजनाला जात असेल, घुमट आरतीत गळा काढत असेल तर उत्तमच, मऊ टाळूला काम मिळतं. पण त्याने जीभ वर राहायला शिकत नाही, म्हणून तो वेळ व्यायामात धरू नका.

ओठांसाठी आइस्क्रीमची चपटी काडी दातांत नाही, ओठांत आडवी धरायची. सुरुवातीला १ मिनिट, हळूहळू ५ मिनिटं, अभ्यास करता करता. हनुवटीवर सुरकुत्या पडत असतील तर ओठ नव्हे, हनुवटीचा स्नायू काम करतोय. काडी काढून गालांना हलकी मालिश करून पुन्हा धरायला लावा. दुसरा प्रकार बटणाचा: अडीच सेंटिमीटरचं बटण मजबूत दोऱ्यात ओवून ओठ आणि दातांच्या मध्ये ठेवायचं, दोरा मोठ्या माणसाने हलके ओढायचा, मुलाने ५ ते १० सेकंद सुटू द्यायचं नाही. दोरा कायम तुमच्या हातात. ५ वर्षांखालच्या मुलाला बटण नको, गिळण्याचा धोका आहे.

शेवटी गिळणं. पाण्याचा लहान घोट, टोक जागेवर, दात हलके जवळ, ओठ मिटलेले, आणि चेहरा न हलवता गिळायचं. रोज जेवणानंतर असे ५ घोट. सगळे व्यायाम अखेरीस इथेच रुजतात, कारण गिळणं दिवसातून शेकडो वेळा होतं.

एका बैठकीला १० मिनिटांच्या वर जाऊ नका. दिवसातून दोन-तीन बैठका. पहिल्याच दिवशी सगळं शिकवायला गेलात तर दहाव्या दिवशी काहीच उरत नाही. पहिल्या आठवड्यात जागा ओळखणं आणि काडी एवढंच. नंतर दर आठवड्याला एक-दोन नवीन. पहिले दोन महिने नेमाने, मग सहाव्या महिन्यापर्यंत थोडं थोडं पण रोज. दर दोन आठवड्यांनी स्पीच थेरपिस्टला प्रत्यक्ष दाखवा, कारण व्हिडिओ समोरच्याची चूक पाहू शकत नाही. घोरणं थांबलं की व्यायाम सोडले जातात, आणि पुढच्या पावसाळ्यात परत तेच.

खाणंही बघा. पेज, मऊ भात, दुधात भिजवलेला पाव यांवरच वाढणाऱ्या मुलाचा जबडा आळसावतो. पोई (कोंड्याचा गोवेकरी पाव), नाचणीची भाकरी, कणीस, पेरू रोजच्या खाण्यात असू द्या. दोन्ही बाजूंनी, ओठ मिटून चावायला सांगा. खोबऱ्याची कातळी पाच वर्षांखाली नको.

दोन गोष्टी अशा आहेत की त्या तशाच राहिल्या तर कितीही व्यायाम केला तरी जीभ वर टिकत नाही. एक, जिभेखालची आखूड शीर. मुलाला तोंड पूर्ण उघडायला सांगून वरच्या आणि खालच्या दातांमधलं अंतर मोजा. मग जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकवून जेवढं उघडेल तेवढं मोजा. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्याहून कमी असेल तर शीर दाखवून घ्या. ती सोडवायची ठरली तरी आधी दोन-तीन आठवडे व्यायाम आणि नंतरही व्यायाम. नाहीतर जखम भरताना जीभ पुन्हा खेचली जाते. दुसरी, अरुंद आणि उंच टाळू. जिभेला पसरायला जागाच नसेल तर ती खाली पडणारच. वरची दाढ खालच्या दाढेच्या आत बसत असेल तर दातांच्या डॉक्टरांकडे टाळू रुंद करण्याच्या पट्टीबद्दल विचारा. तिच्या स्क्रूचा पाव वेढा साधारण पाव मिलिमीटर रुंदी देतो, आणि टाळूचा मधला सांधा पक्का होण्याआधी, म्हणजे वयात येण्याआधी, हे काम सोपं असतं. बांबोळीला गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) आणि गोवा दंत महाविद्यालय एकाच परिसरात आहेत. कान-नाक-घसा आणि दात या दोन्ही तपासण्या एका फेरीत होऊ शकतात. जाताना स्लीप स्टडीचा पूर्ण रिपोर्ट घ्या, नुसतं शेवटचं पान नको.

तोंडाला चिकटपट्टी लावण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण तेच व्हिडिओ पुढे तिथेच नेतात. अ‍ॅडिनॉइड मोठं असलेल्या मुलाचं तोंड रात्री बंद करणं धोक्याचं आहे. त्याचा श्वासाचा उरलेला मार्ग तोच असतो. उलटी झाली तर आणखी वाईट.

तुमच्या मुलासाठी क्रम असा ठेवेन. आतापासून चवथीपर्यंत नाक धुणं, डॉक्टरांनी दिला असेल तर स्प्रे, आणि जागा ओळखणं, काडी, चिकटवणं हे तीनच व्यायाम, म्हणजे ऑपरेशननंतर शिकवण्यात वेळ जाणार नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरांना अ‍ॅप्निया आहे हे स्वतःहून सांगा आणि रिपोर्ट दाखवा. रात्रभर देखरेखीत ठेवायचं की नाही ते त्यावर ठरतं. दुखण्यासाठी कोडीन असलेलं औषध अशा मुलांना देत नाहीत, म्हणून घरातलं जुनं खोकल्याचं सिरपही वापरू नका. ऑपरेशननंतर दोन आठवडे विश्रांती, तोपर्यंत घशावरची पांढरी खपली गळून जाते. मग आधी ओठ आणि नाकाने श्वास, आणि सर्जननी घसा बघून होकार दिला की चौथ्या आठवड्याच्या सुमाराला टाळूचे व्यायाम.

परिणाम मोजायचा तर घोरण्याच्या आवाजावर जाऊ नका. आवाज कमी होऊनही अडथळा राहू शकतो. महिन्यातून दोन रात्री पहाटे ३ ते ५ च्या दरम्यान तीन मिनिटांचा व्हिडिओ घ्या, कारण स्वप्नांची झोप तेव्हा जास्त असते आणि खरा त्रास तिथेच दिसतो. छातीपासून डोक्यापर्यंत चित्रात येऊ द्या, अंगावरची चादर बाजूला करून. छाती आत खेचली जाते का, श्वास थांबून मग घुसमटून सुरू होतो का, तोंड उघडं आहे का, हे पाहा. सोबत अंथरूण ओलं होणं, सकाळचं डोकं दुखणं, मानेचा घाम, वर्गातली चिडचिड यांची तारखेसह नोंद ठेवा. ऑपरेशननंतर तीन महिन्यांनीही यांपैकी काही चालू असेल तर पुन्हा स्लीप स्टडी मागून घ्या, आणि तपासणीला जाताना ते व्हिडिओ फोनमध्ये तारखेप्रमाणे लावून ठेवा.